कर्णबधिरांमधील ख्रिस्ती मिशनरी कार्य : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राचा सामाजिक इतिहास लिहिताना ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याचा विचार टाळता येत नाही. मुद्रणकला, मराठी गद्य, स्त्रीशिक्षण, अस्पृश्यांसाठी शाळा, दवाखाने, कुष्ठधामे आणि दुष्काळातील अनाथाश्रम अशा अनेक क्षेत्रांत मिशनऱ्यांनी केलेल्या कार्यावर मराठीत विपुल लेखन झाले आहे. या कार्यामागील धर्मांतराच्या हेतूची चिकित्साही तेवढीच झाली आहे. मात्र या सर्व लेखनात एका समाजघटकाचा उल्लेख क्वचितच आढळतो. तो घटक म्हणजे ज्यांना ऐकू येत नाही आणि त्यामुळे बोलताही येत नाही असे लोक. पूर्वी त्यांना 'मूकबधिर' म्हटले जाई. आज 'कर्णबधिर' हा शब्द रूढ आहे.

भारतात कर्णबधिरांसाठी पहिली शाळा मुंबईत एका कॅथलिक बिशपांनी स्थापन केली, ही घटना महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात महत्त्वाची आहे. परंतु ती घटना एकाकी का राहिली, हा प्रश्न तिच्याहून अधिक महत्त्वाचा आहे. मराठी मुलखात खेडोपाडी पोहोचलेल्या मिशनला कर्णबधिर माणूस का गाठता आला नाही, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

या प्रश्नाकडे पाहण्यासाठी कळस हे गाव उदाहरण म्हणून समोर ठेवले आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, इंदापूर तालुक्यात, बारामतीपासून जवळ असलेले हे गाव कमी पावसाच्या पट्ट्यात येते. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी जमीनमोजणी व महसूलआकारणीची नवी पद्धत याच इंदापूर तालुक्यात प्रथम अमलात आणली आणि पुढे ती मुंबई इलाख्यात सर्वत्र पसरली. म्हणजे येथील जमीन इंग्रजी राजवटीने फार लवकर मोजली. या जमिनीवर राहणाऱ्या बहिऱ्या-मुक्या माणसांची मोजदाद मात्र जनगणनेच्या रकान्यात जवळजवळ अर्ध्या शतकानंतर होऊ लागली. त्यांच्यापर्यंत शाळा पोहोचण्यास त्याहूनही अधिक काळ लागला.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. ख्रिस्ती धर्मपरंपरेचा कर्णबधिरांविषयीचा दृष्टिकोन कसा बदलत गेला ते पाहणे.
२. मुंबई येथील पहिल्या शाळेच्या स्थापनेची पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
३. अंधांमधील व कर्णबधिरांमधील मिशनरी कार्याची तुलना करणे.
४. या कार्याचा ग्रामीण महाराष्ट्राच्या दृष्टीने अर्थ तपासणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. विवेचन प्रामुख्याने प्रकाशित दुय्यम साधनांवर आधारलेले असून, कळस व इंदापूर परिसराचा उल्लेख ग्रामीण परिस्थितीचे उदाहरण म्हणून केला आहे.

श्रवण आणि श्रद्धा

कर्णबधिरांचा प्रश्न ख्रिस्ती धर्मात सुरुवातीपासून अवघड होता. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात श्रद्धेचा संबंध ऐकण्याशी जोडलेला आहे. सुवार्ता सांगणारा असावा, ती ऐकणारा असावा आणि ऐकण्यातून विश्वास उत्पन्न व्हावा, असा हा क्रम आहे. मग ज्याला ऐकूच येत नाही त्याच्या श्रद्धेचे काय, असा प्रश्न पुढील धर्मशास्त्र्यांसमोर उभा राहिला. मध्ययुगीन युरोपात जन्मबधिर माणसाला धर्मशिक्षण देता येणार नाही, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती.

याच धर्मपरंपरेत दुसरी एक कथाही आहे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू एका बहिऱ्या माणसाला बरे करतो. तो त्याला गर्दीपासून बाजूला नेतो, त्याच्या कानांत बोटे घालतो, जिभेला स्पर्श करतो आणि आकाशाकडे पाहून उसासा टाकतो. या कथेचा अर्थ परंपरेने चमत्कार म्हणून लावला. परंतु त्यातील कृतींचा क्रम पाहिला, तर शब्दाच्या आधी खुणा आल्या आहेत. बहिऱ्या माणसाला समजेल अशा रीतीने, स्पर्शाने आणि दृष्टीने, त्याच्याशी संवाद साधला गेला आहे. पुढील काळात कर्णबधिरांमध्ये काम करणाऱ्यांचे दोन मार्ग झाले, त्यांची बीजे या कथेत दिसतात. 'कान व जीभ मोकळी करणे' हा एक मार्ग आणि 'खुणांनी बोलणे' हा दुसरा.

युरोपात पहिले यश धर्मगुरूंनाच मिळाले. सोळाव्या शतकात स्पेनमधील बेनेडिक्टाइन संन्यासी पेद्रो पोन्से दे लेओन यांनी ओन्या येथील मठात सरदार घराण्यांतील बहिऱ्या मुलांना लिहावयास व बोलावयास शिकविले. या शिक्षणाच्या मागे वारसाहक्काचा प्रश्नही होता, कारण वाचा नसलेल्या मुलाच्या कायदेशीर अधिकाराविषयी शंका घेतली जाई. अठराव्या शतकात पॅरिसचे धर्मगुरू आबे शार्ल मिशेल द लेपे यांना दोन बहिऱ्या बहिणी भेटल्या. त्यांना धर्मशिक्षण कसे द्यावे, या विवंचनेतून १७६० च्या सुमारास त्यांनी शाळा सुरू केली. बहिऱ्यांच्या खुणा हीच त्यांची स्वाभाविक भाषा आहे, हे त्यांनी ओळखले आणि तिच्या आधारे फ्रेंच भाषा शिकविली. अमेरिकेत थॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाने १८१७ मध्ये हार्टफर्ड येथे शाळा काढली. तेथील प्रमुख शिक्षक लॉराँ क्लेर हे स्वतः बहिरे असून पॅरिसच्या शाळेत शिकलेले होते.

या परंपरेला १८८० मध्ये मोठे वळण मिळाले. इटलीतील मिलान येथे भरलेल्या कर्णबधिर-शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने खुणांपेक्षा वाणी श्रेष्ठ ठरविली आणि मौखिक पद्धतीचा पुरस्कार केला. परिषदेचे अध्यक्ष ज्युलिओ तारा हे स्वतः धर्मगुरू होते. या ठरावानंतर अनेक देशांतील शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली. मुलांनी ओठ वाचावेत, घशाच्या कंपनांवर हात ठेवून ध्वनी शिकावा आणि बोलावे, हे शिक्षणाचे ध्येय बनले. मुंबईतील शाळा या परिषदेनंतर अवघ्या काही वर्षांत उघडली, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

भारतीय पार्श्वभूमी

कर्णबधिरांची उपेक्षा केवळ युरोपातच होती असे मानणे योग्य ठरणार नाही. भारतीय धर्मपरंपराही मुख्यतः श्रवणावर उभी आहे. वेदांना 'श्रुती' असे नाव आहे. नवविधा भक्तीत श्रवणभक्तीला पहिले स्थान दिलेले आहे. महाराष्ट्रातील वारकरी परंपरेचे कीर्तन, भजन, प्रवचन, हरिपाठ हे सर्व प्रकार कानाने ग्रहण करावयाचे आहेत. पालखी सोहळा इंदापूर तालुक्यातून जातो, तेव्हा बहिरा माणूसही दिंडीत चालू शकतो, टाळ धरू शकतो, दर्शन घेऊ शकतो. त्या अर्थाने वारीचा समुदाय त्याला सामावून घेतो. परंतु अभंगाचा अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही त्याची स्थिती दुबळी होती. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, जन्मबधिर व मुका यांना वडिलोपार्जित संपत्तीच्या वाट्यातून वगळले असून, त्यांच्या अन्नवस्त्राची जबाबदारी वारसांवर टाकली आहे. इंग्रजी न्यायालयांनी हिंदू कायदा म्हणून जे नियम मान्य केले त्यांत जन्मजात बहिरेपणामुळे येणारी ही अपात्रता टिकून राहिली. शेतीवर जगणाऱ्या कुटुंबात तिचा अर्थ फार स्पष्ट होता. बहिऱ्या भावाला भाकरी मिळे, सातबाऱ्यावर नाव मात्र लागेलच असे नव्हते.

येथे दोन कायद्यांच्या तारखा शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. १८५० च्या कायद्याने धर्मांतर केलेल्या व्यक्तीचा वारसाहक्क सुरक्षित केला. मिशनरी वर्तुळांत या कायद्याचे स्वागत झाले आणि सनातनी समाजाने त्यास विरोध केला. जन्मजात बहिऱ्या व्यक्तीला मिताक्षरा पद्धतीच्या हिंदू कुटुंबात वारसाहक्क देणारा कायदा मात्र १९२८ मध्ये झाला. या दोन घटनांत ७८ वर्षांचे अंतर आहे. ज्याच्या बाजूने बोलणारी संघटित संस्था होती त्याला न्याय आधी मिळाला आणि ज्याच्या बाजूने कोणी बोलत नव्हते त्याला तो उशिरा मिळाला, असे या अंतरावरून म्हणता येते.

मुंबईची शाळा

१८८१ च्या जनगणनेत मूकबधिर, अंध, वेडसर व कुष्ठरोगी यांची गणना करण्यात आली. त्या वेळी हिंदुस्थानात सुमारे १ लाख ९७ हजार मूकबधिर नोंदले गेले. लहान मुलांतील बहिरेपण ओळखण्यातील अडचण आणि घरच्यांनी ते लपविण्याची प्रवृत्ती लक्षात घेता हा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी असणे स्वाभाविक आहे. एवढ्या मोठ्या समूहासाठी संपूर्ण देशात त्या वेळी एकही शाळा नव्हती.

ही उणीव मुंबईचे कॅथलिक धर्माधिकारी बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने भरून निघाली. म्यूरिन यांचा जन्म १८२५ मध्ये बर्लिन येथे झाला. ते येशूसंघाचे सदस्य होते आणि १८६७ पासून मुंबईच्या कॅथलिक मिशनचे प्रमुख म्हणून काम पाहत होते. त्यांच्याच काळात, १८६९ मध्ये, सेंट झेवियर्स कॉलेजची स्थापना झाली. जर्मन येशूसंघीयांचा भर उच्च दर्जाच्या शिक्षणसंस्था उभारण्यावर होता. याच धोरणाच्या छायेत १८८५ मध्ये मूकबधिरांसाठी शाळा उघडण्यात आली. काही ठिकाणी स्थापनेचे वर्ष १८८४ असेही दिले जाते. टी. ए. वॉल्श हे या शाळेचे पहिले प्राचार्य होते. पुढे माझगाव येथील नेस्बिट रोडवर ही संस्था स्थिरावली. भारतातील कर्णबधिर-शिक्षणाचा आरंभ सामान्यतः या शाळेपासून मानला जातो.

स्थापनेनंतर लगेचच कॅथलिक व्यवस्थेत मोठे बदल झाले. १ सप्टेंबर १८८६ रोजी पोप तेरावे लिओ यांनी भारतात धर्मप्रांतांची नियमित रचना केली. मुंबई महाधर्मप्रांत झाला आणि पुणे हा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला. १८८७ मध्ये म्यूरिन यांची बदली मॉरिशसमधील पोर्ट लुई येथे झाली आणि १८९५ मध्ये त्यांचे निधन झाले. म्हणजे शाळेच्या उभारणीनंतर संस्थापक दोनच वर्षांत मुंबई सोडून गेले. त्यानंतरही शाळा टिकली, ही तिची जमेची बाजू आहे. तथापि तिच्या शाखा पुणे, नगर, सोलापूर अशा ठिकाणी निघाल्या नाहीत. ती मुंबईचीच संस्था राहिली.

दक्षिणेतील कार्याशी तुलना केल्यास हा फरक अधिक स्पष्ट होतो. तिरुनेलवेलीजवळ पालयमकोट्टै येथे चर्च ऑफ इंग्लंडच्या झनाना मिशनच्या फ्लॉरेन्स स्वेनसन यांनी १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बहिऱ्या मुलांसाठी शाळा सुरू केली. स्वेनसन यांची शाळा तमिळ भाषक, ग्रामीण आणि मिशनच्या दाट जाळ्याच्या मध्यभागी होती. त्यामुळे आसपासच्या खेड्यांतून मुले येऊ शकली. दरम्यान १८९३ मध्ये कलकत्ता येथे उमेशचंद्र दत्त, श्रीनाथ सिंह, यामिनीनाथ बॅनर्जी व मोहिनीमोहन मजुमदार यांनी मूकबधिर विद्यालय स्थापन केले. बॅनर्जी यांनी इंग्लंड व अमेरिका येथे जाऊन प्रशिक्षण घेतले. हे कार्य मिशनऱ्यांचे नव्हते. मुंबईच्या शाळेनंतर अवघ्या आठ वर्षांत भारतीय सुधारकांनी हे क्षेत्र स्वतः हाती घेतले, ही बाब लक्षणीय आहे.

अंधांना लिपी, बहिऱ्यांना प्रतीक्षा

मराठी मुलखातील मिशनने अपंगांकडे सर्वस्वी दुर्लक्ष केले असे म्हणता येणार नाही. १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंधांसाठी शाळा सुरू केली. हीच पुढे दादर येथील अंधशाळा म्हणून प्रसिद्ध झाली. मुंबई–सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन उभारले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत शेकडो निराधार मुली व स्त्रिया तेथे आल्या. त्यांच्या कन्या मनोरमाबाई यांनी तेथील अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकविण्याचे काम सुरू केले. केडगाव हे दौंड तालुक्यात, म्हणजे कळसच्या परिसरापासून मुंबईच्या मानाने कितीतरी जवळ आहे. त्यामुळे पूर्व पुणे जिल्ह्यात विशेष शिक्षणाचा पहिला किरण आला तो अंधांसाठी आला.

हा फरक योगायोगाने पडलेला नाही. त्यामागे तीन कारणे दिसतात.

पहिले कारण प्रचाराच्या साधनाचे आहे. मराठी मिशनची प्रमुख साधने बाजारातील प्रवचन, शाळेतील पाठांतर, बायबल-स्त्रियांनी घरोघरी केलेले वाचन आणि नगर भागात विकसित झालेले ख्रिस्ती कीर्तन ही होती. नारायण वामन टिळकांसारख्या कवीने ख्रिस्ती भक्तीला अभंग-ओवीचे रूप दिले. ही सर्व साधने अंध माणसाला पूर्णपणे उपलब्ध होती. बहिऱ्या माणसाला त्यांतील एकही उपलब्ध नव्हते. येथे मिशन आणि वारकरी परंपरा यांच्यात एक अनपेक्षित साम्य आढळते. दोन्ही परंपरांनी बोललेल्या मराठीला जवळ केले आणि त्यामुळेच न बोलणारा माणूस दोन्हींच्या कक्षेबाहेर राहिला.

दुसरे कारण लिपीचे आहे. ब्रेल लिपी एकदा मराठीसाठी जुळवून घेतली की अंध व्यक्ती काही महिन्यांत वाचू लागते, कारण मराठी भाषा तिला आधीच येत असते. जन्मबधिर मुलाची अडचण लिपीची नसते. त्याला अद्याप कोणतीच भाषा मिळालेली नसते. 'पाणी' हा शब्द पाटीवर लिहून दाखविला तरी तो शब्द आहे हेच त्याला आधी समजावे लागते. यासाठी दीर्घकाळ चालणारे निवासी शिक्षण, प्रशिक्षित शिक्षक आणि मोजकी मुले असलेला वर्ग आवश्यक असतो. दुष्काळात हजारो मुखांना अन्न देणाऱ्या मिशनला हा खर्च व हा वेळ परवडण्यासारखा नव्हता.

तिसरे कारण दृश्यतेचे आहे. अंध व कुष्ठरोगी हे रस्त्यावर, देवळापुढे, जत्रेत दिसतात. बहिरा माणूस दिसत नाही. तो शेतात राबतो, गुरे वळतो, मोट हाकतो. गावाच्या दृष्टीने तो उपयोगी असतो आणि उपाशीही नसतो. त्याला मदतीची गरज आहे असे कोणाला वाटत नाही. गावात अशा व्यक्तीचे मूळ नाव मागे पडते आणि 'मुका' किंवा 'मुकी' हेच नाव बनते. दयेवर आधारलेल्या कार्याला दुःख डोळ्यांना दिसावे लागते. बहिऱ्याचे दुःख तसे दिसत नव्हते.

वाणीचा आग्रह आणि खुणांची भाषा

मिलान परिषदेनंतरच्या काळात भारतात उघडलेल्या शाळांवर मौखिक पद्धतीची छाप होती. मुलांना बोलते करणे हे शिक्षकांना यशाचे प्रमाण वाटे. हितचिंतकांपुढे मुलाने एखादा शब्द उच्चारून दाखविला की शाळेचे कार्य सिद्ध होई. त्या शब्दामागे मुलाचे विचार किती उमलले आहेत, याची परीक्षा घेणे तुलनेने अवघड होते.

तथापि निवासी शाळांनी एक अशी गोष्ट घडविली जी त्यांच्या उद्देशात नव्हती. एकटे बहिरे मूल घरात स्वतःपुरत्या काही खुणा तयार करते. त्या खुणा आई, भावंडे आणि फार तर शेजारी यांनाच कळतात. पण अशी अनेक मुले एका छताखाली आली की खुणांची देवाणघेवाण होते, त्यांना नियम येतात आणि पिढीमागून पिढी त्यांची भाषा बनते. वर्गात ओठ वाचावयाचे आणि वर्गाबाहेर हातांनी बोलावयाचे, असे दुहेरी जीवन जगातील अनेक मौखिक शाळांतून नोंदले गेले आहे. १९२८ मध्ये एच. सी. बॅनर्जी यांनी बंगालमधील शाळांतील मुलांच्या खुणांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यावरून भारतातही ही प्रक्रिया घडत होती हे स्पष्ट होते.

या भाषेचा शास्त्रीय अभ्यास फार उशिरा झाला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वतः कर्णबधिर असलेले मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड व त्यांचे सहकारी यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई व बंगलोर येथील खुणांचा अभ्यास केला. शहराशहरांतील शब्दांत फरक असला तरी त्यांच्यात मोठे साम्य आहे, असे त्यांना आढळले. पुढे उलरिके झेशान यांनी या भाषेचे व्याकरण मांडले. इंग्रजी अक्षरांसाठी भारतात वापरली जाणारी दोन्ही हातांची बोटलिपी ब्रिटिश वळणाची आहे. शब्दसंपदा व व्याकरण मात्र मुख्यतः येथील बहिऱ्या लोकांनीच घडविले आहे. मिशनच्या व मिशनेतर शाळांनी बहिऱ्यांना वाणी देण्याचा प्रयत्न केला. त्याच शाळांच्या आवारात बहिऱ्यांनी स्वतःची भाषा निर्माण केली. या कार्याचे सर्वांत टिकाऊ फलित म्हणून याच गोष्टीकडे पाहिले पाहिजे.

धर्मांतर आणि संमतीचा प्रश्न

मिशनरी कार्याची चर्चा धर्मांतराच्या प्रश्नाशिवाय पूर्ण होत नाही. सेवा हे साध्य की साधन, हा वाद महाराष्ट्रात विष्णुबुवा ब्रह्मचारी यांच्या काळापासून चालू आहे. कर्णबधिरांच्या बाबतीत या वादाला वेगळे परिमाण प्राप्त होते. धर्म बदलण्यासाठी संमती लागते, संमतीसाठी आकलन लागते आणि आकलनासाठी भाषा लागते. ज्या मुलाजवळ भाषाच नाही त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला असे म्हणणे जितके पोकळ आहे, तितकेच तो आपल्या जन्मजात धर्माचा निष्ठावंत अनुयायी आहे असे म्हणणेही पोकळ आहे. त्याला दोन्ही धर्मांनी काही विचारलेले नसते.

या दृष्टीने पाहता भाषा देणारा शिक्षक हाच मुलाला होकार किंवा नकार देण्याची शक्ती देत असतो. द लेपे यांनी धर्मशिक्षणासाठी शाळा काढली. पण तिच्यातून बाहेर पडलेले विद्यार्थी शिक्षक, कारागीर, लेखक झाले आणि त्यांनी आपल्या समाजाचे हक्क मागितले. हेतू आणि परिणाम यांतील हे अंतर मिशनरी कार्याचे मूल्यमापन करताना ध्यानात ठेवले पाहिजे. केवळ हेतूवरून कार्याचा निषेध करणे आणि केवळ परिणामांवरून त्याचे गुणगान करणे, या दोन्ही भूमिका अपुऱ्या ठरतात.

कार्य कोणी केले, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. आफ्रिकेत अँड्र्यू फॉस्टर या कृष्णवर्णीय अमेरिकन मिशनऱ्याने १९५७ पासून घानापासून आरंभ करून अनेक देशांत कर्णबधिरांच्या शाळा काढल्या. ते स्वतः बहिरे होते आणि गॅलॉडेट महाविद्यालयातून पदवी मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी होते. बहिऱ्यांमध्ये बहिऱ्यानेच काम करण्याचा हा आदर्श भारतात दीर्घकाळ रुजला नाही. येथील शिक्षक, व्यवस्थापक व धर्मगुरू ऐकू येणारेच राहिले. २००९ मध्ये व्हॅटिकनने चर्चमधील बहिऱ्या व्यक्तीच्या स्थानावर आंतरराष्ट्रीय परिषद भरविली. २ मे २०२४ रोजी केरळमधील त्रिशूर येथे जोसेफ थेर्मडम यांना गुरुदीक्षा मिळाली. ते भारतातील पहिले कर्णबधिर कॅथलिक धर्मगुरू मानले जातात. त्यांनी २०१७ मध्ये होली क्रॉस संघात प्रवेश केला होता. मुंबईच्या शाळेपासून या घटनेपर्यंत १३९ वर्षे लागली. दरम्यान २०२० मध्ये अमेरिकन सांकेतिक भाषेत संपूर्ण बायबलचे चित्रफितींच्या रूपाने भाषांतर पूर्ण झाले. जो धर्मग्रंथ ऐकण्यावर भर देत होता तो आता हातांनी सांगितला जाऊ लागला आहे.

ग्रामीण महाराष्ट्राच्या दृष्टीने अर्थ

स्वातंत्र्योत्तर काळात कर्णबधिर-शिक्षणाची जबाबदारी शासन व स्वयंसेवी संस्थांकडे आली. १९५५ मध्ये अखिल भारतीय पातळीवर कर्णबधिरांचा महासंघ स्थापन झाला. १९८३ मध्ये मुंबईतील वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि २००१ पासून तेथे सांकेतिक भाषेचे अभ्यासक्रम सुरू झाले. २०१० मध्ये व्हँकुव्हर येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानच्या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र निर्माण झाले. त्याने २०१८ मध्ये ३ हजार शब्दांचा कोश प्रसिद्ध केला आणि २०२१ पर्यंत ही संख्या १० हजारांवर नेली. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने सांकेतिक भाषेला संवादाचे साधन म्हणून मान्यता दिली.

तरीही मूळ प्रश्न संपलेला नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ५० लाख ७१ हजार होती. कळससारख्या गावात जन्मलेल्या बहिऱ्या मुलाची पहिली पाच-सहा वर्षे निर्णायक असतात, कारण भाषा याच काळात रुजते. या वयात त्याचे बहिरेपण ओळखले जाणे, त्याच्या आईला त्याच्याशी हातांनी बोलता येणे आणि त्याला आपल्यासारखी दुसरी मुले भेटणे, या तीन गोष्टी घडल्या नाहीत तर पुढील शाळा कितीही चांगली असली तरी मूल उशिराच पोहोचते. १८८५ मध्ये अडचण अंतराची होती. आज रस्ता व वाहन आहे. वेळ हातातून निसटण्याची अडचण मात्र कायम आहे.

निष्कर्ष

१. मुंबई येथील १८८५ ची शाळा हे ख्रिस्ती मिशनच्या पुढाकाराने घडलेले अग्रगण्य कार्य होते. तिच्यामुळे बहिरे मूल शिकू शकते ही कल्पना भारतात प्रथम प्रत्यक्षात आली.

२. हे कार्य नागरी मर्यादेत राहिले. मराठी ग्रामीण भागातील मिशनच्या विस्तृत जाळ्याचा लाभ कर्णबधिरांना मिळाला नाही.

३. त्यामागे निष्काळजीपणापेक्षा श्रवणावर आधारलेली प्रचारपद्धती हे मुख्य कारण होते. ही मर्यादा स्थानिक भक्तिपरंपरेतही होती.

४. अंधांना लिपी देऊन भागत होते. कर्णबधिरांना भाषाच द्यावी लागत होती. या फरकामुळे दोन्ही क्षेत्रांतील कार्याची गती वेगळी राहिली.

५. मौखिक पद्धतीच्या आग्रहामुळे खुणांच्या भाषेची उपेक्षा झाली. तरीही निवासी शाळांनी कर्णबधिरांना एकत्र आणले आणि त्यातून सांकेतिक भाषेचा विकास झाला.

समारोप

मिशनरी कार्याच्या इतिहासात आजवर 'काय सांगितले' आणि 'का सांगितले' या प्रश्नांची चर्चा अधिक झाली आहे. कर्णबधिरांचा इतिहास 'कोणत्या भाषेत सांगितले' हा प्रश्न पुढे आणतो. हा प्रश्न मिशनऱ्यांना जसा लागू आहे तसाच कीर्तनकारांना, शिक्षकांना, न्यायालयांना आणि ग्रामसभांनाही लागू आहे. इंदापूर तालुक्यातील जमिनीचा प्रत्येक तुकडा जवळजवळ दोन शतकांपूर्वी नकाशावर आला. त्या जमिनीत राबणाऱ्या 'मुक्या'ला स्वतःचे नाव हातांनी सांगता यावे आणि समोरच्याला ते समजावे, एवढी साधी गोष्ट घडेल तेव्हाच १८८५ मध्ये सुरू झालेले कार्य गावापर्यंत पोहोचले असे म्हणता येईल.